साडेतीन एमएल

बाटली माझ्या हातात देऊन राजश्री म्हणाली,
आज तुम्हीच पाजा.
सर्दीचं, तापाचं, जंताचं,
दोन वर्षं मीच वाईट होतेय तिच्या नजरेत.
आज जरा तुम्ही व्हा.

मी म्हटलं, बरं. त्यात काय.

सेलमच्या गल्लीत, जिन्याखालच्या दुकानात
मी रोज तेजाब ओततो.
श्वास धरून, तोंड बाजूला करून,
थेंब थेंब.
तांबं हिरवं होऊन पाण्यात जातं,
सोनं तळाशी बसतं,
तपकिरी, गाळासारखं, कुणी सोनं म्हणणार नाही असं.
काटा केसभर हलला
तर शेटचा चेहरा हलतो.
सोळा वर्षांत माझा हात हललेला नाही.

विट्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलंय :
साडेतीन. दिवसातून तीनदा. पाच दिवस.
पावडरीत उकळून गार केलेलं पाणी
बाटलीवरच्या बाणापर्यंत.
मी बाणापर्यंत भरलं, हलवलं, फेस बसेपर्यंत थांबलो,
परत भरलं.
झाकणावर रेघ अडीचची,
त्यावर थेट पाचची.
मधल्या कोऱ्या प्लास्टिकमध्ये साडेतीन शोधत
मी मोबाईलच्या उजेडात डोळा बारीक करून बसलो.
राजश्री भाकरी थापता थापता,
मागं न बघता म्हणाली,
फ्रिजवर पिचकारी आहे. बिनसुईची.

ईश्वरी दाराच्या पडद्यात गुंडाळून उभी.
बाहेर फक्त एक पाय.
फोनमध्ये ती मला पप्पा म्हणते,
घरात काहीच म्हणत नाही.
येऊन चार दिवस झाले,
लेंगऱ्याच्या बाजारातून आणलेली बाहुली घेतली तिनं,
पण आजीच्या हातून.

उचलली तर अंग तव्यासारखं.
मी म्हटलं, गोड आहे गं.
चिऊनं घेतलं, काऊनं घेतलं,
मनीमाऊ तर बाटली मागत होती अख्खी.
तिनं तोंड उघडलं, बिचारीनं,
आणि सगळं माझ्या शर्टावर.
गुलाबी.
तेजाबानं कधी डाग पाडला नाही त्या शर्टावर.

बोट लावून चाखलं मी.
आधी स्ट्रॉबेरी, मग खडू,
मग जिभेच्या मागं
जुनं नाणं चोखल्यासारखं काहीतरी,
जातच नाही.

कडू आहे, मी म्हटलं.
ती रडायची थांबली.
लई?
लई.
माझ्याकडं बघत राहिली, बराच वेळ,
वजन करतात तसं.

दुसऱ्यांदा भरली पिचकारी.
गालाच्या आतल्या बाजूला, सावकाश, राजश्रीनं सांगितलं तसं.
निम्मं गिळलं, निम्मं हनुवटीवरून,
थोडं माझ्या मनगटावर, थोडं बाहुलीवर.
आमच्या धंद्यात याला घट म्हणतात,
वितळताना जे जातं ते.
घट लिहून ठेवावी लागते वहीत.
मी मनात मांडत बसलो :
आत किती, बाहेर किती,
परत द्यावं का?
नको, राजश्री म्हणाली. सारखं सारखं नाही द्यायचं.
सकाळी विचारू डॉक्टरांना.

रात्री ती आईला चिकटून झोपली,
माझ्याकडं पाठ.
पहाटे कपाळ ओलं लागलं.
मी हात काढला नाही,
म्हणजे थोडा वेळ.

पाच दिवसांचा डोस, माझी गाडी तिसऱ्या दिवशी,
मिरजेहून, रात्रीची.
जाताना बाटली उजेडात धरून बघितली,
अजून दोन बोटं होतं औषध.

सेलमला पोचून फोन लावला, व्हिडिओवरचा.
ताप उतरलाय, खेळतेय,
पोह्यातले शेंगदाणे वेचून खातेय.
राजश्रीनं हाक मारली, ये, पप्पा आलेत.
ईश्वरी आली.
मला बघितलं
आणि दोन्ही तळहात
तोंडावर गच्च दाबून धरले.

बघा, मागनं राजश्री हसत म्हणाली,
ओळखलं.