मर

ओमानच्या किनाऱ्यावर, सुवैकला, तिसऱ्या हरितगृहात
काकडीच्या वेली दुपारी माना टाकतात
आणि पहाटे पुन्हा उचलतात.
मोफज्जल म्हणतो, तहान आहे, पाणी वाढवू.
चार दिवस त्याने पाणी वाढवलं,
विहिरीचं, दरवर्षी थोडं जास्त खारट होणारं.
पाचव्या पहाटे अकराव्या रांगेतल्या
सात वेलींनी ऐकलंच नाही.

मी एक मुळाशी तिरकी कापली.
आत, पाणी चढायच्या वाटेवर,
चहाच्या कपाला राहतं तसं तपकिरी कडं.
तुकडा ग्लासातल्या पाण्यात उभा धरला.
दुधासारखा धागा सुटला तर जिवाणू.
पाच मिनिटं. पंख्यांची घरघर.
पाणी स्वच्छच राहिलं,
म्हणजे ती.

बटाट्याच्या अगारवर ती आठवड्यात आली,
कापसासारखी, खालून फिकट जांभळी,
बाळाच्या टोपड्याला शोभेल असा रंग.
भिंगाखाली विळेच विळे, इवले,
कुठलंच शेत कापायला न निघालेले.
ती नळांत राहायला येते फक्त,
आणि वेलच घाबरून
आपले नळ आपणच बुजवत जाते.
हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

मालक हमदान आले.
आधी माफी मागून मी त्यांच्या चपला
औषधाच्या पाण्यात बुडवायला लावल्या.
तुमच्याकडे हिला काय म्हणतात?
मर.
एवढंच?
एवढंच. भांडताना म्हणतात तोच शब्द.
ते हसले. आमच्यात मर्र म्हणजे
गेला. इथून, वाटेवरून, न थांबता.

गेला नव्हता. पण जुलै आला होता.
वेली उपटून जाळल्या, जमीन भिजवली,
पारदर्शक कागद ताणून कडा मातीत गाडल्या,
दारं बंद केली.
सगळे शिव्या देत काढतात त्या उन्हाळ्याला
आम्ही सहा आठवडे कामावर ठेवलं.
मोफज्जल चितगावला सुट्टीवर.
मी रोज थर्मामीटर खुपसून आकडा लिहायची:
एक्कावन्न, बावन्न, शुक्रवारी त्रेपन्न.
हे चार बोटं खाली.
हातभर खाली काय, ते वहीत नाही.
तिथे जाड सालीचे बीजाणू झोपतात,
वर्षानुवर्षं, कूस न बदलता,
एखादं मूळ जवळून जाईपर्यंत.

ऑक्टोबरात नवी रोपं लावली.
मोफज्जल मिशी काढून आला,
दोन दिवस मला ओळखूच येईना.
वेली तारेपर्यंत चढल्या, पिवळी फुलं आली,
हमदानांनी खजुराचा डबा पाठवला.

आज दुपारी त्याने हाक मारली.
अकरावी रांग. एकच वेल, मान टाकून.
शेजारच्या दोघी ताठ.
चाकू माझ्या खिशात आहे.
तो माझ्याकडे बघतो, मी घड्याळाकडे.
तहान असेल, मी म्हणते.
तो काही बोलत नाही.
पहाटेपर्यंत
तिला तहानच असू दे.