नवतप्यात बेचाळीस

बाहेर सेहेचाळीस पूर्णांक दोन,
आणि मी मुहूर्त काढला याच आठवड्याचा.
मानेवाड्यात आमच्या दुसऱ्या मजल्यावर
रात्री दोनलासुद्धा भिंत पाठ टेकू देत नाही.

यंत्र बर्डीवरून आणलेलं, सेकंडहँड,
शिकवणीच्या चौदा हजारांत,
एका बाजूचं झाकण नाही.
हेडाऊंचा चेतन म्हणाला,
"याचं तर कुलूप उघडं आहे बे,
छत्तीसवर काहून चालवून राहिली? बेचाळीस कर."
तो स्वतः कधी चाळिसाच्या वर गेला नव्हता
हे मला नंतर कळलं.

डिलीट दाबत दाबत मी आत शिरले.
तिथे बाणांच्या कळांनी जायचं असतं.
छत्तीस खोडून बेचाळीस लिहिलं,
प्रगतिपुस्तकात आपले मार्क आपणच वाढवावेत तसं,
आणि एफ टेन.

काळं.
पंखे फिरत होते, दिवे लागले होते,
आत कोणी नव्हतं.

नाण्याएवढा सेल काढून तळहातावर घेऊन बसले.
दहा मिनिटांत यंत्र सगळं विसरतं म्हणतात.
ते विसरलं.
मी चौदा हजार मोजत होते.

दुसऱ्या रात्री चेतनने दिलेला लेप:
लाखोळीच्या दाण्याएवढा घ्यायचा.
मी हळदीला नवरदेव माखतात तसा माखला,
निम्मा पुसून काढला ओढणीने,
दाब वाढवला थोडा, मग आणखी थोडा,
आणि चालू झालं की!
खेळात बर्फ पडत होता.
मी कड्यावरून उतरत होते, पाठीवर बंदूक,
श्वासाची वाफ दिसत होती,
आणि कोपऱ्यात लाल आकडा: अठ्ठ्याण्णव.
चार मिनिटं. मग निळा पडदा,
वाकड्या तोंडाने माफी मागणारा.

बाबा कोराडीहून दुसरी पाळी करून आले.
डबा ठेवला, बटणं काढता काढता थांबले.
"काय करून राहिली? पंखा रडून राहिला तुझा."

खेळातलं त्यांना काही कळत नाही.
लोड कळतो.
स्टूल ओढून बसले, बनियनवर.
"एकदम सहा? असं असते का कुठं?
एक चढव. चढवला की थांब. थांबली की लिही."
खिशातून पाळीची डायरी काढली,
मागच्या पानावर पट्टीशिवाय सरळ रेघा:
वेळ, गुणक, दाब, ताप.

सदतीस. वीस मिनिटं.
अडतीस.
मी कूलरचं तोंड यंत्राकडे वळवायला गेले
तर आई झोपेतून म्हणाली, "हात लावशील तर पाहा,"
आणि बाबा म्हणाले, "राहू दे, ओल जाईल आत. खिडकी उघड."
खिडकीतून आली ती हवा नव्हती, पण आली.
एकोणचाळीस. चाळीस.
एक्केचाळिसाला तीन वीसला सगळं गोठलं,
बर्फ अर्ध्यातच, मी अर्ध्या उडीत.
"आता उतर," ते म्हणाले. नुसतं तेवढंच.

एकाहत्तर फ्रेमचे अठ्ठ्याहत्तर झाले.
दोन रात्री, एक ओढणी, सात फ्रेम.
चेतनला सांगताना मी नव्वद सांगितले.

मी विचारलं, "तुम्ही कधी चालवता का सेट, ताकदीपेक्षा जास्त?"
ते आईच्या कूलरकडे बघत राहिले.
"मे महिन्यात मागतातच सगळे," म्हणाले.
मग कॅबिनेटला कान लावला,
माझ्या तापात छातीला लावायचे तसा,
बराच वेळ.

डायरीत त्यांच्या अक्षरात आहे:
पहाटे चार दहा. गुणक चाळीस. ताप त्र्याऐंशी.
आवाज साधारण.
डिसेंबरात बेचाळीस पाहणे.
त्याखाली, सवयीने,
चार्ज दिला, आणि त्यांची सही.
चार्ज घेतला,
पुढे रिकामी रेघ.

ते झोपायला गेले.
मी पेन शोधत होते.