उरनं तं

दगूबाईचा अर्ज मी भरत होते, पारोळ्याला,
बचत गटाच्या खोलीत, जिथं भिंतीला टेकलेल्या खाटा
बिबड्यांसाठी उन्हाची वाट बघतात.
नाव. जन्मतारीख (पोळ्याच्या आसपास).
बोलायचा विषय: घरातल्या बाईचा हक्क.
मग एक रकाना, आहार.
शाकाहारी, मांसाहारी, निव्वळ वनस्पतीजन्य,
आणि चौथा, नवाच: लवचिक.
बहुतेक भाजीपाला, कधीमधी मांस.

'बाई, तुम्ही काय खाता?'
ती भाकरी थापायची थांबली नाही.
'जे उरस, ते खास.'

मी हसले. हसू चुलीपाशीच राहिलं.
रविवारी बोकडाचं. फोडी सासऱ्याला, दिराला, पोरांना,
तिच्या ताटलीत तर्री
आणि तर्रीत हलणारा दिवा.
एरवी दादरची भाकरी, अंबाडी, ठेचा.
पन्नास माणसांच्या भरताची वांगी भाजून
देठाला चिकटलेलं तेवढं तिचं.
चाळीस वर्षं, कुठल्या डॉक्टरानं न सांगता.
मी चौथ्या चौकटीत खूण केली.
ती म्हणाली, 'काय खास, हाई इचारतस त्या.
कव्हय खास, हाई नही इचारतस?'

व्हिसा आला नाही.
न्यूयॉर्कात तिच्या नावाचं ताट मात्र आलं असणार,
हरभरे, राजगिरा, वर कसलंसं पान.
तिचं म्हणणं मी पडद्यावरून वाचलं,
आपल्या रात्री एकला. तीन मिनिटं दिली होती,
ऐनवेळी दीड केली.
तिकडे सहा दिवस एकाच ओळीवर अडलेले.
एका देशाला 'हक्क' चालेना, दुसऱ्याला 'घरातल्या',
तिसरा म्हणे आमच्याकडे बाई देवीच असते,
पैसे देणारा चौथा, तो घड्याळ बघत होता.
शेवटी ओळ वाचली, शेपूट लावून:
जिथे शक्य असेल तिथे.

मी जाऊन सांगितलं सगळं.
दगूबाईनं पिठाचा हात लुगड्याला पुसला.
'शक्य असेल तिथं, म्हंजे?'
मला नीट सांगता येईना. वीस वर्षं
भाषांतरावर पोट आहे माझं.
तिनंच केलं मग, दोन शब्दांत:
'उरनं तं.'

आणि ताट वाढलं. कळण्याची भाकरी,
भरीत, कांद्याची पात, वरून कच्चं तेल.
मी जेवले. दोनदा मागून घेतलं.
एसटी धुळ्याच्या अलीकडे आली तेव्हा आठवलं,
ती सगळा वेळ उभी होती,
आणि तव्याखालचा जाळ
तिनं विझवला होता.