कार्बन

परभणीत, पाणबुडी मोटारींच्या ढिगात
इलियासभाईंनी माझी गाडी उताणी केली.
फोटोच्या रोळाच्या डबीएवढी मोटार,
मामानं शारजाहून आणलेली, शहाऐंशी साली.

"नवीच टाकू," मी म्हणालो, "बिनकार्बनची. वाऱ्यासारखी पळंल."
"पळंल की. अन् गिअरचे प्लास्टिकचे दात
पहिल्याच वळणाला तुमच्या हातात देईल.
कवळीवाल्याला फुटाणे कशाला चारता?"

कानाशी धरून त्यांनी दांडा बोटांनी फिरवला.
बुश कोरडं. शिलाई मशीनचं तेल,
सुईच्या टोकावरून एकच थेंब.
दुसरा आत उतरला की नुसती काजळी.

काळवंडलेलं तांबं खोडरबरानं पुसलं.
मी नवे कार्बन पुढं केले, पुण्याहून मागवलेले.
त्यांनी जुना तळहातावर ठेवला:
झिजून झिजून तांब्याच्या गोलाईला
बरोब्बर बसेल असा खोलगट.
"नवा सपाट असतो. त्याला घाई करू नका.
दोन सेल लावा, चाकं अधांतरी, अर्धा तास."

तेवढ्यात लाईट गेली.
पंखा थांबला, लेथ थांबलं, शेजारचा रेडिओही.
अंधारात माझी चाकं तेवढी फिरत राहिली.

"आता ऐका," भाई म्हणाले.
"अजून किरकिरतंय."