चेस

वडगावात, संध्याकाळच्या ट्यूशनला,
भिंतीपलीकडं माग खडखडत असताना
मी फळ्यावर शब्द लिहिला.

बसवंत म्हणाला, सर, येळ्ळूरच्या मैदानावर
एकशे बावीसचा आम्ही केलाव की, दोन चेंडू राखून.
निंगव्वा म्हणाली, आमच्यात बेन्न हत्तू म्हणतेत,
म्हणजे पाठीवरच चढायचं.
दीपाली म्हणाली, बाबा रात्रपाळी करून येताना
खासबागची कुत्री करतात, सायकलला.
मग जरा थांबून: फायनान्सवाला पण.

सगळे हसले. तीही हसली.

मी लिहिलं, पाठलाग.
खाली लिहिलं, पाठपुरावा:
हा पळत नाही,
अर्जाची झेरॉक्स घेऊन जिना चढतो,
‘नाळे बर्री’ ऐकतो,
आणि उद्या खरंच पुन्हा जातो.

माग हा शब्द मी लिहिलाच नाही.
तो पलीकडं चालूच होता.
धोटा जातो, धोटा येतो,
कुणाच्या मागं आहे ते त्यालाही ठाऊक नसावं,
लुगडं मात्र वीतवीत वाढतं.

रेणुकानं एकदाही हात वर केला नव्हता.
नाथ पै सर्कलपासून काळी पल्सर
तिच्या वेगानं, हळू, येते रोज;
हे मला फार नंतर कळलं.

लाईट गेली.
माग एकदम गप्प.
त्या अंधारात तिनं विचारलं,
सर, जो पुढं असतो
त्याला काय म्हणतात?

खडू माझ्या हातात होता.