कोमट

डरॅमच्या उत्तरेला, जिथून बस परत फिरते,
तिथे शाळेमागच्या मैदानात आम्ही पहिलं भोक पाडलं.
तीन आठवडे. दोनशे बारा मीटर.
विद्यापीठातलं मॉडेल सांगत होतं, इथे पोकळी आहे,
बंद पडलेल्या खाणीचा बोगदा, पाण्यानं तुडुंब.
वर आला तो नुसता कोळसा,
काळा, कोरडा, निर्विकार.

आम्हाला कोळसा नको होता.
या गावात हे वाक्य मोठ्यानं म्हणायची चोरी.

हवं होतं पाणी,
उपसा थांबला तेव्हापासून साठत गेलेलं,
जमिनीच्या पोटातल्या धगीनं सतरा अंशांवर टेकलेलं.
सतरा म्हणजे काही फार नाही.
अनुदानाचा अर्ज लिहिताना एल्ड्रिजबाईंनी
माझा एक शब्द तीनदा खोडला.
म्हणाल्या, इथे कोमट स्वागत म्हणजे जवळजवळ अपमान,
पैसे देणाऱ्यांना काहीतरी उकळतं लागतं.
मी गप्प.
माझ्या भाषेत कोमट पाणी
घसा बसलेल्याला देतात,
आणि आधी स्वतःचं कोपर बुडवून बघतात
बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी.

चौथ्या आठवड्यात कुंपणाशी एक म्हातारा.
विल्फ्रेड आर्कल, सत्त्याऐंशी, श्वासात बारीक शिटी.
"तुझा नकाशा खोटं बोलतो, पोरी.
एकसष्ट साली आम्ही डावीकडे वळलो,
कोळसा तिकडे होता म्हणून.
कागदावर कोण चढवतो असलं?"

मग तो चालू लागला.
चर्चच्या भिंतीपासून, पावलं मोजत,
मान वाकवून, खांदे आत ओढून,
मोकळ्या आभाळाखाली
कुठलंसं छत चुकवत.
बासष्टाव्या पावलाला थांबला.
"हं. इथं."

मी यंत्र लावून मोजलं. अकरा मीटर.
माझी चार वर्षं अकरा मीटरनं हुकली होती.

दुसऱ्या भोकातून आधी हवा आली,
कुणीतरी फार वेळ रोखून धरल्यासारखी,
मग पाणी, गंजाच्या रंगाचं, नासक्या अंड्याच्या वासाचं.
त्या गंजानं दर गुरुवारी गाळणी तुंबते,
टुंडे ती टूथब्रशनं घासतो, योरुबात काहीतरी पुटपुटतो,
ते भाषांतर करायच्या लायकीचं नसावं.
पाण्यातले चार अंश तेवढे आम्ही काढून घेतो,
पंप ते पिळून पिळून पन्नासावर नेतो,
आणि पाणी परत खाली.
शेजारणीची वाटी परत करावी तसं,
फक्त ही वाटी रिकामीच जाते.

विल्फ्रेडनं बादलीत हात घातला
आणि बराच वेळ काढला नाही.
"बिली म्हणायचा, वर गारठा, खाली बरं."
बिली कोण, ते त्यानं सांगितलं नाही.
चर्चच्या फाटकाशी दगडावर एकवीस नावं आहेत,
येता-जाता मी ती वाचते.
त्या दिवशी वाचली नाहीत.

जानेवारीत शाळेच्या दोन वर्गांपर्यंत ऊब पोचली.
दोनच. उरलेल्या पाइपांचे पैसे कुणाच्या तरी टेबलावर आहेत.
एका पोरानं रेडिएटरला गाल लावला
आणि तक्रार केली,
गरम कुठंय, कोमट तर आहे.
मी ते वहीत उतरवून घेतलं, तारखेसकट.

आता निबंधाचा परीक्षक विचारतो,
अकरा मीटरच्या दुरुस्तीला आधार काय? संदर्भ द्यावा.
मी लिहिलं : वि. आर्कल, पावलं, बासष्ट.
एल्ड्रिजबाईंनी चष्मा वर सरकवला, पेन उचललं,
आणि या वेळी काही खोडलं नाही.

परीक्षकाचं उत्तर अजून यायचंय.
गाळणी परवा पुन्हा तुंबेल.