टिचकी

मालगावच्या बाजारातनं आणलेलं डांगर
चार दिवस जिन्यात बसून होतं.
मांजर त्याला टेकून झोपायचं.
पहिली सुरी बाईनं लावू नये म्हणतात.
मी मानत नाही.
तरी खाली उतरले.

बाबालालभाई तुंब्यावर लाखेचा हात देत होते.
त्यांनी डांगर मांडीवर घेतलं, टिचकी मारली,
कान लावला.
"हे गाणार नाही. ओलं आहे अजून."
आणि तंबोऱ्याच्या करवतीनं देठाभोवती
असा गोल काप घेतला
की टोपी उचलताना कुरकूरसुद्धा झाली नाही.

बिया ताटात पसरल्या. गर खरवडला, थोडा राखला.
दाण्याचं कूट, तीळ, भाजलेलं खोबरं,
कांदा-लसणाचं तिखट जरा जास्तच,
मूठभर तासगावी बेदाणे,
सकाळच्या भाकरीचा चुरा.
दाबून भरलं, टोपी बसवली,
कणकेनं शिवण लिंपली.
मग मीठ आठवलं.
पुन्हा उघडलं.

जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर, दीड तास.
पौषातली मिरज खिडकीबाहेर गारठलेली,
आत काचा घामेजल्या.
खालचा रंधा कधी थांबला कळलं नाही.

नऊला ते वर आले, नात अलफियाला घेऊन,
बगलेत लिंबाच्या लोणच्याची बरणी.
डांगर ताटात ठेवलं, चष्म्यावर वाफ.
अलफिया म्हणाली, "नाना, आता वाजवून बघा."

त्यांनी बोट भाजून घेत टिचकी मारली.
धप्प.
"भरलंय," म्हणाले,
आणि सुरी
माझ्याकडे सरकवली.